जास्तीची सव्वा मूठ

तोतारामच्या ओसरीत बायका गहू पाखडत होत्या, तेवढ्यात बेबाबाई पायाचा काळा चिखल उंबऱ्यावर खरडून आत आली. तिच्या घरात पुरुष दोन. एक नवरा उखर्डू, दुसरा मुलगा अभिमन. पदरात मात्र तिनं तिघांचे गहू बांधून आणले होते. गाठ जराशी फुगलेली होती आणि भाऊबंदांच्या नजरेला तेवढं पुरे होतं.

नागपंचमी सरली की येणाऱ्या रविवारी आपल्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या आधी थोरल्या घरी सारं भाऊबंद जमतं. ज्या घरात जितके पुरुष, तितक्या वेळा सव्वा मूठ गहू एकाच टोपलीत पडतात, एकेकाचं नाव घेऊन. त्या गव्हांचे रोट, म्हणजे जाड पोळ्या. भाऊबंदांनीच ते खायचे, बाहेर कुणाला द्यायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच. लेकीच्या नावाची मूठ काही पडत नाही, कारण लेक उद्या दुसऱ्याच्या घरची. हे कुणी ठरवलं ते विचारू नका. ठरवणारा बाप्याच असणार.

मागच्या श्रावणात ह्याच ओसरीत बेबाबाईनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. तिची सून सुनंदा, तिला दोन मुलीच. तोताराम म्हणजे बेबाबाईचा जेठ, थोरला दीर. सात मुठींचा धनी, आणि चालणं असं की गावची वाट ह्याच्या बापानं बांधली. तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "उखर्डू, तुना घरनी मूठ काय वाढत नही भो."

उखर्डू जन्मात कधी भावाला उलटून बोलला नाही, तो तेव्हा काय बोलणार. बोलली ती बेबाबाई. "वाढी. पुढला वरीसले येक मूठ जास्ती आनसू. कानबाई देई."

"आनि नही दिन्ही ते?"

"ते तुम्हले करनं ते करा."

"मंग अभिमनले दुसरी करसूत. मना साडूनी पोर शे देवपूरले."

"करा," बेबाबाई म्हणाली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. दारात उभ्या सुनंदेनं ते ऐकलं, आणि त्या दिवसापासून तिचं जेवण निम्म्यावर आलं.

लगेचच सुनंदेला दिवस गेले. बेबाबाईनं नऊ महिने देव्हाऱ्यापुढचा दिवा विझू दिला नाही. मुलगाच होणार, ह्यात तिला तीळभर शंका नव्हती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सुमारास अमळनेरच्या दवाखान्यात सुनंदा बाळंत झाली आणि तिसरी मुलगी झाली. तोतारामची बायको धुरपदाबाई पाहायला आली, "लक्ष्मी शे बाई," म्हणाली आणि तोंडाला पदर लावून गेली. पदराआड ती काय करत होती ते सगळ्यांना कळत होतं.

आठ दिवस बेबाबाईनं त्या पोरीकडे पाहिलं नाही. देव्हाऱ्यापुढे उभी राहून ती भांडली. "मी काय मांगं, तू काय दिन्हं? बहिरी शे का तू?" बारसं करायचं कुणाच्या मनात आलं नाही. तीन महिने त्या पोरीला घरात 'ती' म्हणत. अभिमनला विचारलं तर म्हणायचा, माले काय बी चाली. असला गडी. सुनंदेनं लुगडी बोचक्यात बांधून ठेवली आणि एकदा विचारलं, "आत्याबाई, मी आजच जाऊ का माहेरले? नंतर जावाना परीस..." खरं सांगायचं तर बेबाबाईला स्वतःची लाज वाटली.

त्यात मिरगाच्या आधी वादळ आलं. अर्ध्या घटकेत केळीचा बाग आडवा झाला. घड भरत आलेले, महिन्याभरात कापणीला आले असते. उखर्डू बांधावर डोक्याला हात लावून बसला. बेबाबाई विळा घेऊन वावरात शिरली आणि पडलेली खोडं तोडायला लागली, कारण रडायला बसलं तर कोण तोडणार. दुपारी घाम पुसायला थांबली तेव्हा तिला दिसलं, मोडक्या खोडाच्या बुडाशी वीतभर पील, नवा कोंब, उभं होतं. दुसऱ्या खोडाशीही होतं. तिनं काही ते लावलेलं नव्हतं. घडाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला पील दिसत नाही, एवढीच गोष्ट.

घरी येऊन तिनं हात धुतले आणि पहिल्यांदा पोरीला मांडीवर घेतलं. पोर टकामका पाहत राहिली. "आसं शे का," बेबाबाई तिला म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं सुनंदेचं बोचकं सोडून लुगडी दांडीवर टाकली.

तर आता ओसरीत भिकुबाई टोपली घेऊन बसली होती. भिकुबाई तोतारामची चुलती, भाऊबंदात सगळ्यात म्हातारी. डोळ्यांनी अधू, पण नावं चुकायची नाही. तिनं एकेक नाव घ्यावं आणि त्या घरच्या बाईनं मूठ सोडावी. धुरपदाबाईनं आपल्या सात मुठी ऐटीत टाकल्या. मग बेबाबाईची पाळी आली.

"उखर्डूनी." गहू पडले.

"अभिमननी." गहू पडले. भिकुबाई टोपली पुढे सरकवायला लागली.

"थांब माय. आखो येक शे."

तोताराम खांबाला टेकून तंबाखू मळत होता. "कोनी? कुत्रानी का?" दोघंतिघं हसले.

"तुम्ही वरीसभर जिनी वाट देखी नाना, तीच."

"तुना घर आंडोर जनमना का? माले ते कोनी सांगं नही."

"आंडेर जनमनी." आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी; फरक एका कान्याचा.

"आंडेरनी मूठ पडत नही."

"मी कानबाईले म्हनेल व्हतं, तू देशी त्यानी मूठ आनसू. मी आंडोर मांगा, तिनी आंडेर दिन्ही. देनारी ती शे, मी नही. ती काय भांडावाली शे का, आवडनं नही म्हनीसन बदली देवाले?"

तोतारामनं तंबाखू झटकली आणि उठून उभा राहिला. "आईका बठ्ठा. रोट खाई तो भाऊबंद, नही खाई तो भायेरना. आंडेर भायेर जाई, तिनी मूठ कसानी? बोल बोल व्हता. सोमवारले अभिमनले लईसन देवपूरले जासूत."

उखर्डूनं बायकोच्या बाहीला धरलं. "चाल घर." भावापुढे त्याला एवढंच बोलता यायचं.

बेबाबाईनं बाही सोडवून घेतली. पदराची गाठ सोडली, मूठ भरली, वर पाव मूठ घेतली. टोपलीवर हात धरून ती स्पष्ट म्हणाली, "सुंदरनी."

सुंदर कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दाराशी सुनंदा पोरीला कडेवर घेऊन उभी होती. तिनं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि तिला कळलं. तोवर गहू टोपलीत पडले होते.

"काढ ते," तोताराम म्हणाला.

"काढा," म्हणत बेबाबाईनं टोपली त्याच्यापुढे सरकवली.

त्यानं हात घातला. साऱ्या भाऊबंदाच्या वावरात त्या साली लोकवन गहूच पेरलेला. दाण्याला दाणा सारखा. ह्यातला पोरीचा कोणता आणि त्याच्या नातवाचा कोणता, ते कानबाईलाच ठाऊक. त्यानं हात बाहेर काढला.

"फेकी द्या बठ्ठी टोपली," धुरपदाबाई बोलून गेली.

भिकुबाईनं मान वर केली. "कोन म्हनं ते? नाव लीसन पडेल दाना शे. फेकशी ते तुना सात जनस्ना बी फेकाई जातीन." म्हातारीनं टोपली दळणासाठी बायकांपुढे सरकवली. "लई जा. दया."

"दया," तोताराम म्हणाला, "पन मी त्या रोट खावाव नही. आनि सोमवारले देवपूरले जासू म्हंजे जासू."

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ घातली, डोळे लावले, हिरवं लुगडं नेसवलं. बाहेर पावसाची बारीक झड लागली होती. आरती झाली, पंगत बसली. ताटात रोट, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. तोताराम मधोमध बसला आणि त्यानं ताटाला हात लावला नाही. त्याच्या रांगेतले मुलगे-नातूही थांबले. भूक सगळ्यांच्या तोंडावर दिसत होती.

"रोट खास ना रे?" भिकुबाईनं विचारलं.

"सांगं ना, मी नही खात."

"बरं," म्हातारी म्हणाली. "परोनदिन ओसरीमा तूच म्हना, रोट नही खाई तो भायेरना. मी आंधयी शे, बहिरी नही. मंग ऊठ. भायेरना मानूसले आमनी पंगतमा जागा नही."

कुणी हसलं नाही. तोतारामनं भावांकडे पाहिलं, भाऊ ताटात पाहत होते. बायकोकडे पाहिलं, ती कानबाईकडे पाहत होती. मग त्यानं रोटाचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. चावायला त्याला फार वेळ लागला. त्या घासाबरोबर देवपूरही पोटात गेलं. नंतर कुणी ते नाव काढलं नाही.

वाढायला बेबाबाईच होती. टोपली कमरेवर घेऊन ती त्याच्यापुढे वाकली.

"नाना, आखो येक वाढू का?"

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी असती तर मागे सरली असती. सगळी पंगत ऐकत होती.

"वाढ," तो म्हणाला.

बेबाबाईनं रोट वाढला. वर तूप सोडलं, पण हात आखडता ठेवून.