तिसरं कडवं

शांतवनने पेनचं टोपण दातांनी काढलं, सराव परीक्षेच्या उरलेल्या कागदाची पाठकोरी बाजू समोर ओढली आणि वर ‘तिसरं कडवं’ असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. पुढच्या बॅचला बारा मिनिटं होती. प्लायवूडच्या पलीकडे दीडशे पोरं रसायनशास्त्राच्या सरांमागे एका सुरात काहीतरी म्हणत होती आणि टेबलाखाली शांतवनचा उजवा पाय नेहमीप्रमाणे हलत होता. हा पाय कधी स्थिर राहत असेल तर झोपेत, आणि त्याचीही त्याच्या बायकोला खात्री नव्हती.

काम तसं पाहिलं तर लहान होतं. येत्या तीस सप्टेंबरला भूकंपाला दहा वर्षं पूर्ण होत होती आणि त्यांच्या चर्चमध्ये सकाळी स्मरणाची उपासना ठेवली होती. गीतपुस्तकातलं एक जुनं सांत्वनाचं गीत चार आवाजांसाठी छापलेलं होतं, ते पाच पितळी वाद्यांवर बसवायचं. दोन ट्रंपेट, एक ट्रॉम्बोन आणि दोन युफोनियम, म्हणजे मांडीवर धरून वाजवायची खालच्या सुरांची मोठी वाद्यं. वाजवणारी माणसं लग्नाच्या बँडमधली. विलायती स्वरलिपी त्यांच्या बापजाद्यांनीही पाहिलेली नव्हती, म्हणून शांतवन सगळं सारेगममध्ये उतरवून द्यायचा. पेटीवरची काळी पाच म्हणजे ट्रंपेटचा घरचा सा. गीत तिथे आणून ठेवायचं आणि फार वर चढू द्यायचं नाही, कारण गाणाऱ्याचा घसा थकतो तसे वाजवणाऱ्याचे ओठ थकतात. मग लाल पेनने श्वासाच्या खुणा. एकाने दम घेतला की दुसऱ्याने सूर धरून ठेवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला कुठे खंड पडलेला कळत नाही. या लाल खुणांचा त्याला फार अभिमान होता.

तिसऱ्या कडव्यात मात्र त्याने चौघांच्या कागदांवर नुसती शून्यं टाकली. हे कडवं एकट्या अप्पांचं.

अप्पा म्हणजे त्याचे वडील, नागप्पा. चाळीस वर्षं त्यांच्या मांडीवर युफोनियम होतं. भूकंपात त्यांचा धाकटा भाऊ मलप्पा गेला; तोही याच बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. तेव्हा शांतवन नांदेडला कॉलेजात होता. पुढे लातूरला क्लासेसचं पेव फुटलं, भौतिकशास्त्र शिकवायला माणसं पुरेनात, म्हणून तो परत आला आणि पहाटेच्या बॅचपासून रात्रीच्या बॅचपर्यंत पुरता अडकला. बापलेकाचं बोलणं ‘जेवलात का’ आणि ‘हाव’ एवढ्यावर आलं. गेली दोन वर्षं नाताळला आणि ईस्टरला तो चर्चसाठी गीतं बसवायचा, अप्पा वाजवायचे. संभाषण म्हणावं तर तेच. दोन्ही युफोनियमना तो आजवर एकच ओळ देत आला होता, तीच अप्पांना आणि तीच शेजारी बसणाऱ्या रामलिंगकाकांना. दोघांचा सूर इतका एकजीव होतो की एकच वाद्य वाजतंय असं वाटतं, हे त्याने चर्चच्या पाळकसाहेबांना एकदा कौतुकाने सांगितलंही होतं.

मलप्पाकाकांविषयी अप्पा दहा वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. बोलत नाहीत तर वाजवतील, असं शांतवनने आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. घंटा झाली तशी त्याने कागदाची घडी खिशात घातली आणि खडू उचलला.

रविवारी तालमीला शेषेराव त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. बँड त्याचा, पहिला ट्रंपेटही त्याचाच.

“सर, हे तिसरं कडवं ट्रंपेटला द्या की.”

“का?”

“लई खाली हाय. मागच्या बाकापर्यंत जायचं न्हाई.”

“हे चर्च आहे शेषेराव, मंगल कार्यालय नाही. जाईल.”

“मग मी असतो की संगं,” रामलिंगकाका म्हणाले. “आजवर दोघांनीच वाजवलं.”

“नाही काका. फक्त अप्पा. आणि उभं राहून.”

अप्पा फडक्याने आपल्या वाद्याचं तोंड पुसत होते. पुसून झालं तरी पुसतच राहिले.

वाजवायला सुरुवात झाली. शेषेरावाने ओळीच्या शेवटी सवयीने एक मुरकी टाकली, त्याबद्दल बोलणी खाल्ली. तिसरं कडवं आलं. भरदार, गोल सूर निघाला आणि कागदावर नजर ठेवून एका हाताने ताल देणाऱ्या शांतवनच्या अंगावर काटा आला. मग त्याने सहज वर पाहिलं. रामलिंगकाकांचे गाल फुगलेले होते.

“काका! तुम्हाला शून्य आहे ना?”

“सवयीनं वाजलं बघ.”

पुन्हा घ्यायचं तर शेषेराव उठलाच. नवरात्र बसलं होतं, देवीच्या मिरवणुका होत्या, माणसं निघायला हवी होती. शांतवनलाही पाचची बॅच होती. रविवारचं तसं गेलं. सोमवारच्या तालमीत पहिली दोन कडवी घोटता घोटता वेळ संपली, आणि तिसऱ्याचं काय म्हटल्यावर चौघे एकदम म्हणाले की ते अप्पांचं घरी होतंय. शांतवन मोटारसायकलवरून क्लासला जाताना मनातल्या मनात चरफडत होता. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून वाजवणारी माणसं, आणि म्हाताऱ्याला एक कडवं मिळालं तर यांच्या पोटात दुखतं! पाळकसाहेबांनी तर उपासनेची पत्रिकाही छापून घेतली होती. ‘तिसरे कडवे : एकलवादन, श्री. नागप्पा.’

मंगळवारी सकाळी साडेसातला रामलिंगकाकांनी त्याला चर्चच्या मागच्या नळापाशी गाठलं. बँडचा लाल डगला अंगात, पण गुंड्या उघड्या.

“शांतवन, एक सांगायचं हाय. आता न्हाई सांगितलं तर समद्यांसमोर व्हईल.”

“लवकर सांगा काका, लोक यायला लागले.”

“तुझा बाप वाजवत न्हाई.”

“आज वाजवणार नाहीत? तब्येत बरी नाही का?”

“आजचं न्हाई सांगत मी. दहा वर्षं झाले. ओठाला लावतो, बटणं दाबतो. फुंकत न्हाई.”

शांतवन हसला. मग काकांचं तोंड पाहून थांबला.

बँडमध्ये ही गोष्ट नवी नाही. अकरा माणसांचा बँड ठरला की लग्नघरचा माणूस दारात उभा राहून डगले मोजतो. सूर कोण मोजणार? म्हणून एखादा दम गेलेला, एखादा अजून न शिकलेला, हातात वाद्य धरून रांगेत चालतो. गाल फुगवतो, बोटं हलवतो, बाकीचे त्याचं अंगावर घेतात. त्यात कुणाला लाज वाटत नाही आणि कुणी बाहेर बोलत नाही. शांतवन या माणसांतच वाढला होता, त्याला हे सगळं ठाऊक होतं. फक्त अशा रांगेत आपला बाप असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

“मग तो आवाज?”

“मी हाय की बाजूला.”

“दोन वर्षं मी तुम्हा दोघांसाठी...” पाळकसाहेबांशी बोललेलं आठवलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. वर्गात शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडणारा तो, आणि एका युफोनियमला दोन समजत बसला होता.

रामलिंगकाकांनी नळ सोडला, चूळ भरली, पुन्हा बंद केला.

“भूकंप झाला त्या रात्री तिकडच्या एका गावात गणपतीचं इसर्जन वाजवून आम्ही निघालो. टेम्पोत समदं सामान भरलं, तर एका माणसाला जागा न्हाई. मलप्पा म्हणला, मोठा ढोल इथंच ठिवू, सकाळी नेऊ. तुझा बाप म्हणला, ढोल न्हाई ठिवायचा, पोरं खेळून फोडतील. तू ऱ्हा, सकाळच्या गाडीनं ये.” काकांनी डगल्याची एक गुंडी लावली, पुन्हा काढली. “ढोल घरी आला.”

घंटा वाजू लागली. रिक्षा थांबत होत्या, पांढऱ्या साड्यांतल्या बाया उतरत होत्या.

“मला कुणी सांगितलं का नाही काका?”

“तुला कवा येळ होता?” त्यांनी हे रागाने म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. “आता ऐक. मी मागं बसून वाजवतो. तुझा बाप पुढं उभा ऱ्हाईल. कोणाला कळायचं न्हाई. तू नुस्ती मान हलव.”

शांतवनने मान हलवली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तो तसाच आत गेला.

अप्पा पहिल्या बाकाशेजारच्या खुर्चीवर बसले होते. डगल्याच्या सगळ्या गुंड्या लावलेल्या, गळ्यापर्यंत. समोर स्टँडवर कागद, आणि त्या कागदावर शांतवनच्या लाल खुणांशेजारी पेन्सिलने केलेल्या आणखी काही बारीक खुणा. त्या आपल्या नाहीत, हे शांतवनने पाहिलं.

“अप्पा, तिसरं कडवं... रामलिंगकाका सोबत वाजवतो म्हणतात.”

अप्पांनी कागदावर बोट ठेवलं.

“इथं नाव कोणाचं हाय?”

“तुमचं.”

“मग?”

चर्च भरत आलं होतं. मागच्या भिंतीपाशी भूकंपातल्या गावांकडून आलेली माणसं बसली होती, त्यांतल्या कुणाकुणाच्या हातात ती छापील पत्रिका होती. एकदा त्याला वाटलं, पुढे जाऊन पाळकसाहेबांना सांगावं, तिसरं कडवं गाळा. दोन वाक्यांचं काम. पण म्हाताऱ्याने गुंड्या गळ्यापर्यंत लावल्या होत्या.

प्रार्थना झाली. गेलेल्यांची नावं वाचून झाली. मलप्पाचं नाव आलं तेव्हा अप्पांनी डोळे मिटले नाहीत की उघडेही नीट ठेवले नाहीत. मग शांतवन पाचजणांसमोर उभा राहिला आणि त्याने हात वर केला.

पहिलं कडवं सरळ गेलं. दुसऱ्यात शेषेरावाने मुरकी टाळली. श्वास जिथे घ्यायचे तिथे घेतले गेले, एकाचा सूर दुसऱ्याने धरून ठेवला, आणि लोक बाकांवर जरा मागे रेलले. कडवं संपलं तसे अप्पा उभे राहिले. त्यांनी युफोनियम छातीशी घेतलं, ओठाला लावलं. रामलिंगकाकांनी आपलं वाद्य उचलून ओठांजवळ आणलं आणि शांतवनकडे पाहिलं. आता फक्त मान हलवायची होती.

मलप्पाकाकांसाठीचं कडवं उसन्या फुंकेने वाजवायचं? शांतवनने मान हलवली, पण आडवी. काकांनी वाद्य मांडीवर ठेवलं. शांतवनने ताल दिला.

आवाज आला नाही. अप्पांची बोटं बटणांवर उठत होती, पडत होती, आणि त्यांचा हलका खटखट आवाज पहिल्या दोन बाकांपर्यंत तरी जात होता. कुणीतरी पत्रिकेत पाहिलं. दुसऱ्या ओळीला एक माणूस खोकला, बाक करकरला, पाळकसाहेबांनी डोकं वर उचललं. हात खाली टाकावा आणि चौथं कडवं सुरू करावं असं त्याला फार वाटलं. पण समोर लाल खूण आली की अप्पांची छाती भरत होती, पेन्सिलच्या खुणेला पुन्हा भरत होती. म्हणून त्याचा हात चालत राहिला. तिसऱ्या ओळीला मागच्या भिंतीजवळची एक म्हातारी उठून उभी राहिली. तिच्या शेजारचे उभे राहिले, मग पुढचे. शेवटचा सूर चार मात्रांचा होता. शांतवनने चारही मात्रा दिल्या.

चौथं कडवं पाचहीजणांच्या कागदावर होतं. चौघांनी वाजवलं.

उपासनेनंतर लोक हात मिळवायला आले. कुणी विचारलं नाही. पाळकसाहेबांनी फक्त शांतवनचा दंड दाबला आणि ते पुढे गेले. शेषेराव देवीच्या मिरवणुकीसाठी सामान रिक्षात भरायला धावला. घड्याळात सव्वादहा झाले होते, अकराची बॅच होती, आणि शांतवन खुर्च्यांच्या रांगेत उभा राहून अप्पांना काय म्हणावं ते शोधत होता. माफी मागावी तर कशाची, हेच त्याला कळत नव्हतं.

अप्पांनी युफोनियमवर खोळ चढवली, नाडी बांधली. मग कागद उचलला, डोळ्यांजवळ धरला आणि पोराकडे वळले.

“दुसऱ्या ओळीत तू घाई केली.”

शांतवनने रिकामा स्टँड मिटला.

“हाव,” तो म्हणाला. “केली, अप्पा.”

“पुढच्या साली सावकाश घे.”