मागची सीट नसलेली गाडी

मखमलाबादच्या शुभांगीने कुठे जायचं म्हटलं की तिच्यासोबत कोण जाणार हे आधी ठरायचं, आणि ती कुठे जाणार हे मागाहून. माहेरी जायचं तर नवरा, दवाखान्यात जायचं तर जाऊ, देवीला जायचं तर अख्खी आळी. सासूबाई आक्काबाई तर म्हणायच्या की बाईने एकटं जावं ते फक्त विहिरीवर, आणि आता तर घरात नळ आलाय.

त्यामुळे शुभांगीने जेव्हा सांगितलं की तिला इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीय, तिच्यावर तंबू बांधून सुरगाण्याच्या डोंगरात जायचंय आणि तिथे एक रात्र एकटीने राहायचंय, तेव्हा घरात कुणी रागावलंसुद्धा नाही. कुणाला ते खरंच वाटलं नाही. नवरा गोटीराम म्हणाला, "जाऊ की. गुलाबाची छाटणी उरकली की दोघं जाऊ."

हे खूळ तिच्या डोक्यात भरवलं भागीबाईने. भागीबाई सुरगाण्याकडची. तिकडची भातं निघाली की ती मजुरीला यायची आणि यांच्या मळ्यात गुलाब तोडायची. तिच्या पाड्याच्या वर मोठा माळ होता. "तिथं वारा आन् तू, दुसरं कोण नाय," ती सांगायची. "खाली माझं घर हाय, भ्यायचं नाय."

लग्न झाल्यापासून शुभांगी पहाटे फुलं तोडत होती, गड्ड्या बांधत होती, टेम्पो भरत होती. दिवसभर कुणी ना कुणी हाक मारायचं आणि ती ओ द्यायची. कुणी हाकच मारणार नाही अशी एक रात्र तिला हवी होती, बाकी काही नाही. नवऱ्याचा कंटाळा आला होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. पण ही गोष्ट नवऱ्याला कोणत्या तोंडाने सांगावी, ते तिला सुचत नव्हतं.

गाडी बघायला दोघं शहरात, द्वारका चौकात गेली. दुकान अरसलानचं. त्याचे वडील इसाकभाई दर्ग्याच्या चादरीसाठी यांच्याकडूनच गुलाब नेत, म्हणून घरोबा होता. अरसलानने दोन गाड्या पुढे काढल्या. एक लांबरुंद स्कूटर, एका चार्जिंगमध्ये सुरगाणा गाठणारी, ऐसपैस सीटची. दुसरी जाड टायरची सायकल. पायडल मारलं की मोटर जोर लावणार, मागे सीटच्या जागी लोखंडी कॅरिअर.

गोटीरामने स्कूटरवर मागे बसून बघितलं. "कंबर नाय अवघडत," तो समाधानाने म्हणाला. "हीच घे."

"भाभी, सायकल हळू चालते," अरसलान प्रामाणिकपणे म्हणाला. "वाटेत वणीला थांबावं लागेल. पण हिची बॅटरी निघते. कुणाच्याही घरात नेऊन लावा, जेवण होईस्तोवर बरीच भरेल. स्कूटरची निघत नाही. ती थेट प्लगापाशीच न्यायला पाहिजे."

"डोंगरात गाडी आडवी झाली तर एकटीला उचलता येईल का?" शुभांगीने विचारलं.

असा प्रश्न अरसलानला कुणी विचारला नव्हता. तिने स्कूटर तिथेच हळूच आडवी केली आणि पदर खोचला. पण आपल्याकडे रस्त्यात माणूस पडला तर लोक आधी बघत उभे राहतात आणि गाडी पडली तर धावत येतात. गोटीराम धावला, अरसलान धावला, समोरचा रसवाला हातातला ग्लास ठेवून धावला. शुभांगीचा हात लागायच्या आत स्कूटर उभी.

"बघितलं?" गोटीराम म्हणाला. "अशी उचलायची."

शेवटी अरसलानच म्हणाला की दोन्ही टेम्पोत टाका, खऱ्या रस्त्यावर चालवून बघा, संध्याकाळी परत आणा. मग दोघं घरून मुक्कामाचं सामान घेऊन गंगापूर धरणाकडच्या एका खडीच्या चढावर गेली. तिथे माणूसकाणूस नव्हतं, लांब एका वावरात कोणीतरी कांद्याला पाणी भरत होतं तेवढंच. शुभांगीने तंबू, वळकटी, स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन स्कूटरवर ट्यूबने आवळून बांधला. डांबरावर स्कूटर लोण्यासारखी गेली. खडी लागली तशी मागचं चाक सरकलं आणि बाईसाहेब गाडीसकट आडव्या झाल्या. लागलं काही नाही. उठून ती हँडलला हात घालते तोवर गोटीराम धापा टाकत पोचला आणि त्याने गाडी उचललीसुद्धा.

"मी होतो म्हणून बरं."

"तुम्ही नसणार," शुभांगी म्हणाली.

निघून गेलं तोंडातून. गोटीरामने गाडी स्टँडला लावली, हातावरची माती झटकली आणि बराच वेळ झटकतच राहिला.

"मला सोडून जावंसं वाटतं तुला?" त्याने विचारलं. "काय चुकलं माझं?"

शुभांगीला भडभडून आलं. "काय बी चुकलं नाय. तुमच्यासारखा माणूस मिळायला नशीब लागतं. पण अहो, मी हात पुढं करायच्या आत तुमचा हात येतो. लग्न झाल्यापासून. माझ्या अंगात किती जोर हाय ते मलाच ठाव नाय. एकदा बघायचंय. मग घरीच यायचंय मला, दुसरीकडं कुठं जाणार?"

गोटीरामने सामान सोडून ते सायकलच्या कॅरिअरवर ठेवलं. ट्यूब बांधायला घेतली, मग थांबला आणि तिच्या हातात दिली.

जाड टायर खडीवर कुरकुरत चढले. चढाच्या मध्यावर, जिथे पाय धड टिकत नाही अशा जागी, शुभांगी उतरली आणि तिने लादलेली सायकल मुद्दाम आडवी केली. पहिल्यांदा जोर लावला तर सायकल जरा उठली आणि परत पडली. गोटीराम दोन पावलं पुढे आला. पुढे येणं त्याच्या रक्तातच होतं, बिचारा काय करणार. मग त्याने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले.

एवढ्यात कांद्याच्या वावरातला माणूस खोरं टाकून पळत आला. बाई गाडी उचलतेय आणि नवरा नुसता उभा, हे बघून त्याला राहवलं नसावं. गोटीराम त्याच्या आडवा झाला.

"हात नका लावू, दादा. तिला उचलू द्या."

शुभांगीने ते ऐकलं. तिने सामानाची बाजू सोडली, हँडल वळवून घेतलं, गुडघा सीटखाली दिला आणि कमरेतून उठली. सायकल उभी राहिली. ती पण उभी राहिली, घामाने निथळत, आणि लहान पोरीसारखी हसायला लागली. गोटीरामचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्याच्या ध्यानात आलं नाही.

वावरातला माणूस एकदा हिच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे. "भांडणबिंडण झालं का तुमचं?" त्याने दबकत विचारलं.

"नाय हो," गोटीराम म्हणाला. "तिच्यासाठी गाडी घेतोय."