सासूबाईंचा ट्रक

माझे साडू एका कंपनीचे प्रवक्ते आहेत. कंपनीला हे माहीत नाही.

नोकरी म्हणाल तर ते पडदे आणि गालिचे विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात व्यवस्थापक आहेत. पण संध्याकाळी घरी आले की कॅमेऱ्यासमोर बसून फोन, घड्याळं, कानात घालायची बोंडं, गेम खेळायची यंत्रं यांच्यावर मतं देतात आणि ती मतं चॅनेलवर टाकतात. सगळी यंत्रं एकाच कंपनीची. ही कंपनी अशी, की तिची वायर फक्त तिच्याच यंत्रात जाते, तिच्या यंत्रावरचा गेम तिच्याच दुकानातून घ्यावा लागतो, आणि यंत्र बिघडलं तर तिच्याच माणसाने उघडायचं. तुम्ही-आम्ही याला अडवणूक म्हणू. साडू शिस्त म्हणतात.

बोलताना ते कंपनीला 'आपण' म्हणतात. "यंदा आपण बाजूचं बटण काढून टाकलं." "पुढच्या वर्षी आपण अजून पातळ होतोय." माझ्या बायकोने एकदा भोळा चेहरा करून विचारलं, "तुम्हाला मीटिंगला बोलावतात का हो ते?" साडू हसले नाहीत. त्यांच्याच आग्रहाने घेतलेला माझा फोन हाताला चटका बसेल इतका तापतो, अशी तक्रार मी केली तेव्हा म्हणाले, "तापत नाही तो. काम करतोय हे तुम्हाला कळवतो." त्या दिवसापासून घरात त्यांचं नाव प्रवक्ते पडलं. मी दातांचा डॉक्टर. समोरच्याला तोंड बंद करायला सांगणं माझ्या धंद्यात बसत नाही, म्हणून मी सगळं ऐकून घेत असे.

प्रवक्ते आणि त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी मेहुणी, सासूबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतात. खाली सासूबाई एकट्या. त्यांनी आयुष्यभर लोकांना पोहायला शिकवलं. तलावाच्या काठावर उभं राहून त्या अशा ओरडायच्या, की पाण्याखाली गेलेल्यालाही आपलं काय चुकलं ते कळायचं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि काठ सुटला. मग त्या खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांच्या चालण्यातल्या चुका काढू लागल्या. "तो बघ, खांदा पाडून चाललाय. कोणी सांगत कसं नाही याला?"

हे काही बरं लक्षण नव्हे म्हणून माझ्या बायकोने जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यांच्यासाठी गेमचं एक यंत्र आणलं. कोणत्या कंपनीचं ते त्यावरच्या ओरखड्यांत पुसलं गेलं होतं. तबकडी घालायची, चालू करायचं, खेळायचं. सोबत एक स्टिअरिंगचं चाक आणि ट्रकचा एक गेम. बर्फाच्या डोंगरातून माल पोचवायचा, एवढंच त्यात होतं. चाक जेवणाच्या टेबलावर उंच पडायचं, तेव्हा सासूबाईंनी इस्त्रीचं टेबल पुढ्यात ओढलं आणि त्याचे पाय खाली-वर करून गुडघ्याला सोसेल अशी उंची साधली. आठवडाभरात त्या घाट उतरायला लागल्या. महिन्याभरात त्यांचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जाऊ लागला. "खाली गियर टाक, मूर्खा!" हे त्या स्वतःलाच म्हणत असत.

प्रवक्त्यांच्या पोटात दुखायला लागलं ते एका व्हिडिओमुळे. त्यांची चित्रीकरणाची खोली तळमजल्यावरच मागच्या बाजूला होती. पूर्वी तिथे सासूबाईंच्या तरंगत्या फळ्या, दोर आणि शिट्ट्यांचे डबे असायचे. जावयाने चॅनेल काढलं तेव्हा त्यांनी ती रिकामी करून दिली होती. एकदा त्या खोलीचं दार उघडं राहिलं आणि मागे इस्त्रीचं टेबल, ते खरचटलेलं यंत्र आणि त्यावर दात-ओठ खाऊन ट्रक हाकणाऱ्या सासूबाई हे सगळं कॅमेऱ्यात आलं. बघणाऱ्यांनी खाली लिहिलं, "तुमच्या घरीच कोणी तुमचं ऐकत नाही वाटतं!"

हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. सासूबाईंच्या वाढदिवसाला त्यांनी कंपनीचं नवंकोरं यंत्र आणलं. पांढरी, चपटी डबी, तबकडीला फटच नाही. "आई, तबकड्यांचा जमाना गेला. आता सगळं वरून उतरतं." जुनं यंत्र त्यांनी बदल्यात देऊनही टाकलं होतं, तबकडीसकट. कोणाला विचारून? कोणालाच नाही. जुनं चाक नव्या डबीला लागत नव्हतं. "बाहेरचं नाही चालत आपल्याला," प्रवक्ते अभिमानाने म्हणाले. सासूबाईंनी कंपनीचं चाक घेतलं, कंपनीच्या दुकानातून तोच ट्रकचा गेम पुन्हा विकत घेतला, आणि कुरकुरत का होईना, गाडी सुरू केली.

खोटं कशाला बोलू? नवा बर्फ सुंदर होता. काचेवर पडायचा आणि वितळायचा. शिवाय आता बाकीचे ड्रायव्हर खरे होते. कुठे कुठे बसलेली माणसं एकत्र ट्रक काढायची आणि एकमेकांशी बोलायची. सासूबाईंनी स्वतःचं नाव 'शिट्टी' ठेवलं. त्यांच्या ताफ्यात 'कासव' नावाची एक बाई होती. प्रत्येक वळणावर ब्रेक दाबायची आणि प्रत्येक ब्रेकनंतर सॉरी म्हणायची. सासूबाईंना आयुष्यात दुसरं काय हवं होतं? शिकवायला एक माणूस मिळालं. "कासवा, पाय उचल! रस्ता पळून जात नाहीये!" हळूहळू गप्पा ट्रकबाहेर गेल्या. कासवाला एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं होतं, म्हणून ती घाबरून चालवायची. तिची मोठी तपासणी व्हायची होती. सासूबाईंनी तिला आपला फोन नंबर द्यायचा प्रयत्न केला, पण नंबर लिहिला की त्या जागी चांदण्या उमटायच्या, आणि बोलून सांगायला गेलं की आवाज गायब.

"तुमच्या सुरक्षेसाठी आहे ते, आई," प्रवक्त्यांनी समजावलं.

"कासवापासून?" सासूबाई म्हणाल्या.

मग एका सकाळी त्यांनी डबी चालू केली तर ट्रकच्या जागी राखाडी चौकोन. त्यावर लिहिलेलं, 'ही वस्तू आता तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.' मी त्यांच्या कवळीचं माप घ्यायला गेलो होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

"माझा प्रदेश कुठला?" त्यांनी मला विचारलं. "ही खोलीच ना? मग मी इथेच आहे. ट्रक कुठे गेला?"

प्रवक्त्यांना खाली बोलावलं. ते शांतपणे आले, जणू काही कोणाच्या घरी शोक व्यक्त करायला आलेत. गेम बनवणाऱ्यांचं आणि कंपनीचं कमिशनवरून वाजलं होतं. कंपनीने गेम दुकानातून काढला आणि ज्यांनी आधी घेतला होता त्यांच्या यंत्रांतूनही पुसला.

"पण मी विकत घेतला होता," सासूबाई म्हणाल्या.

"विकत नव्हता घेतला, आई. तुम्हाला खेळायचा परवाना मिळाला होता."

"बटणावर 'विकत घ्या' असं लिहिलं होतं."

"ती बोलायची पद्धत आहे."

"आणि कासव?"

"कोण कासव?"

मी सासूबाईंबरोबर कंपनीच्या मदतकेंद्राशी बोलायला बसलो. तिथून उत्तर यायचं, 'मी तुमची नाराजी समजू शकते.' आम्ही जे काही लिहिलं त्याला हेच. आम्हाला ट्रक परत हवाय, तर नाराजी समजू शकते. एका मैत्रिणीची तपासणी आहे, तिचा पत्ता नाही, तर नाराजी समजू शकते. शेवटी मदतकेंद्राने आम्हाला फळं फोडायचा एक गेम सुचवला. सासूबाईंनी मला विचारलं, "ही जी समजू शकतेय, ती माणूस आहे का?" मी नाही म्हटलं. "तरीच," त्या म्हणाल्या आणि उठल्या. त्यानंतर चार-पाच दिवस त्या पुन्हा खिडकीत बसायला लागल्या. पण आता कोणाच्या चालीतल्या चुकाही काढेनात. ते मला जास्त टोचलं.

एवढ्यावर थांबले असते तर ते प्रवक्ते कसले? त्यांनी व्हिडिओ काढला. 'ट्रक गेला ते बरंच झालं, याची कारणं.' त्यात म्हणाले, "काही वयस्कर वापरकर्त्यांना बदल पचत नाही. माझ्या घरातही असं एक उदाहरण आहे." मेहुणीने तो आपल्या आईला दाखवला. का दाखवला ते तिने कधी सांगितलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर मोठ्या बहिणींच्या चेहऱ्यावर आईकडे चुगली करताना असतं तसं काहीतरी होतं.

सासूबाईंनी तो शेवटपर्यंत पाहिला. "वापरकर्ती?" त्या म्हणाल्या. "सासू आहे मी त्याची."

कंपनीचा वर्षाचा मोठा सोहळा त्या रविवारी होता. नवं यंत्र यायचं होतं. प्रवक्ते इस्त्रीचा शर्ट घालून, केस बसवून खाली उतरले. मी आणि माझी बायको सासूबाईंकडे चहा घेत होतो. मागच्या खोलीकडून कुलूप खडखडल्याचा आवाज आला आणि मग ते स्वतः आले.

"आई, किल्ली लागत नाहीये."

"लागणार नाही. कुलूप बदललंय."

"का?"

"सुधारणा केली."

"बरं, मग नवी किल्ली द्या. आपला कार्यक्रम सुरू होईल आता. लोक माझी वाट बघत असतात."

"ती खोली आता तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही, जावईबापू."

मी कप तोंडासमोर धरला. बायकोने माझ्या पायावर पाय दिला, पण तिचाही कप हलत होता.

"पण ती खोली तुम्ही मला दिली होती!"

"दिली कुठे? बसायचा परवाना होता."

"आई, भिंतींना स्पंज मी लावलाय. दिवे मी आणलेत. माझ्या खर्चाने!"

"हो ना. छान दिसतं. ते परवान्यातच येतं."

"माझा कॅमेरा आत आहे!"

"सुरक्षित आहे. तुमच्यासाठीच केलं हो हे सगळं. बाहेरचं कोणी शिरलं म्हणजे?"

"बाहेरचं म्हणजे मी?"

त्यांनी दारात येऊन उभ्या राहिलेल्या आपल्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "तू अटी वाचल्या नव्हत्यास का?"

"हा शुद्ध अन्याय आहे!" प्रवक्ते किंचाळले. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून एखादं मत मला मनापासून आलेलं वाटलं.

"मी तुमची नाराजी समजू शकते," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि मला म्हणाल्या, "साखर कमी पडली का रे?"

मला वाटलं, आता तरी डोक्यात प्रकाश पडेल. प्रवक्त्यांना एवढंच कळलं, की वेळ थोडा उरलाय. ते जिन्यात जाऊन बसले आणि हातात फोन धरून तिथूनच बोलायला लागले. जिन्यात आवाज घुमत होता, मागे चपलांचं कपाट दिसत होतं. दोन मिनिटं नव्या यंत्राची स्तुती झाली आणि तिसऱ्या मिनिटाला त्यांचा बांध फुटला. आपल्यावर काय बेतलंय, सासूने खोलीला कसं कुलूप ठोकलं, ती काय काय म्हणाली, सगळं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. लोक हळहळतील अशी त्यांची अपेक्षा होती.

लोक खदाखदा हसले. 'सासूबाईंना पुढे आणा.' 'शंभर टक्के सासूबाई.' 'यांचा जिन्याचाही परवाना काढून घ्या.' तो व्हिडिओ त्यांच्या आजवरच्या सगळ्या व्हिडिओंच्या पुढे गेला. प्रवक्ते आधी लाल झाले, मग पुन्हा पुन्हा बघणाऱ्यांचा आकडा तपासायला लागले. विचार करून माणसाची मतं बदलतात असं ऐकून होतो. इथे आकडा चढेल तसं मत बदलताना मी समोर बसून पाहिलं. रात्रीच्या जेवणापर्यंत बंद दुकानांच्या जुलमाबद्दल आपल्याला आधीपासूनच शंका होती, असं ते सांगायला लागले होते.

सासूबाईंनी किल्ली लगेच दिली नाही. दोन गोष्टी मागितल्या. 'वयस्कर वापरकर्त्यां'चा व्हिडिओ उतरवायचा, आणि नवा टाकून कासवाला शोधायचं. प्रवक्त्यांनी दोन्ही केलं. कासव असल्याचं सांगणारे बरेच निघाले. सासूबाई प्रत्येकाला फोनवर विचारायच्या, "डोळ्याचं काय झालं?" कोणी म्हणे, "कसला डोळा?" की फोन बंद. शेवटी एक बाई काही विचारायच्या आतच म्हणाली, "सॉरी, मला उशीर झाला." सासूबाईंनी आम्हाला हाताने खोलीबाहेर घालवलं आणि दार लावून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "शस्त्रक्रिया लागणार आहे. पण दिसेल म्हणे."

आता प्रवक्त्यांचं वेगळंच सुरू आहे. त्यांनी कंपनीची सगळी यंत्रं विकली आणि सुटे भाग आणून स्वतः संगणक जुळवला. आता 'आपण' म्हणजे जगातली सगळी स्वतंत्र माणसं. हा संगणक कोणीही उघडू शकतं, आणि रोज कोणाला तरी उघडावाच लागतो. ट्रकचा गेम बनवणाऱ्यांकडून सरळ घेता येतो, म्हणून सासूबाईंच्या इस्त्रीच्या टेबलासमोर हाच संगणक ठेवलाय. परवा प्रवक्त्यांनी माझ्या हातातला फोन पाहिला आणि कीव आल्यासारखं म्हणाले, "अजून तुरुंगातच आहात?" तो फोन मला कोणी घ्यायला लावला होता, हे विचारायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी मला स्वातंत्र्य म्हणजे काय ते सांगायला घेतलं.

तिकडे सासूबाई आणि कासव घाटात होत्या. संगणकाचं एक झाकण उघडं होतं, पंखा घरघरत होता, आणि प्रवक्ते हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पडद्याचा अर्धा भाग अडवून उभं राहून बोलत होते.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "बाजूला व्हा. मला रस्ता दिसत नाहीये."