हाताने ऐकलेलं इंजिन

रेड्याने पहिला घाव घातला तो तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर. काचेचे तुकडे माझ्या मिशीत येऊन बसले. "खोटारडा आहे हा काटा," तो म्हणाला आणि त्याने माझा डावा हात टेबलावरच्या, लोखंड आवळून धरायच्या व्हाइसच्या जबड्यात घालून दांडा फिरवला.

रेडा म्हणजे ट्रकचा मालक. खरं नाव विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. त्याचं इंजिन मी आणि माझ्या मेहुण्याने मिळून नव्याने बांधून दिलं होतं. ते दोन दिवस चाललं. वर हेडमध्ये तेलच चढेना, तिथले व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर कोरडे घासून निळे पडले. आता ते इंजिन आमच्याच लोखंडी टेबलाला बोल्टने आवळलेलं होतं, आणि मीही.

"चुकलात की एक फेरा," रेडा म्हणाला. "बोला मिस्त्री."

"पंप."

मेहुण्याने पंप उघडला. चकचकीत. एक फेरा.

"मग खालची तेल गाळायची जाळी तुंबली असेल."

जाळीतून मेहुण्याचा रडवेला चेहरा स्वच्छ दिसत होता. दुसरा फेरा. करंगळी वाळक्या काडीसारखी मोडली.

"दाजी, जरा विचार करून बोला हो," मेहुणा कळवळला.

"करतील की. डोकं मोकळंच आहे त्यांचं," रेडा म्हणाला.

मेहुण्याने सगळं परत बसवून इंजिन सुरू केलं. पुढचं पटत नसेल तर येऊन माझी बोटं बघा. टेबलातून, जबड्यांतून इंजिनाची थरथर थेट माझ्या हाडांत शिरली. खालची बेअरिंग तेल पिऊन मऊ गुणगुणत होती. वरचे रॉकर दातओठ खात होते. मधलं तेवढं नीट लागत नव्हतं.

"अजून अर्धा फेरा द्या," मी म्हणालो.

रेड्याचा हात दांड्यावर थबकला. "काय?"

"ऐकू कमी येतंय. आवळा."

त्याने आवळलं. दुसरं बोट गेलं आणि लख्ख ऐकू आलं: तेल ब्लॉकच्या माथ्यापर्यंत चढत होतं आणि बंद दारावर डोकं आपटून माघारी फिरत होतं.

"हेड उतरव," मी मेहुण्याला म्हणालो. "हेड आणि ब्लॉकमधलं गास्केट उलटं बसलंय. तेलाचं भोक झाकलं गेलंय."

हेड उतरायला तास लागला. तासभर रेडा शेजारी स्टुलावर बसून मला आपल्या जावयाची गाऱ्हाणी सांगत होता. मी मान हलवत होतो. दुसरं काय हलवणार?

गास्केट उलटंच निघालं.

"कुणी बसवलं?"

मेहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने ओठ उघडले, तेवढ्यात मी म्हणालो, "मी."

तिसरं बोट.

नवं गास्केट सुलटं बसवून, रॉकरवरचं झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं, तेव्हा तेल उसळून रेड्याच्या थोबाडावर बसलं. त्याने ओठ चाटून चव घेतली आणि दांडा उलटा फिरवला.

ती तीन बोटं आता नुसती शोभेला आहेत. पण सासुरवाडीत माझा शब्द कुणी खाली पडू देत नाही. मेहुणा येईल-जाईल त्याला सांगतो, दाजींनी माझ्या चुकीपायी स्वतःचा हात दिला.

त्याने ते गास्केट सुलटंच ठेवलं होतं. तो पाना आणायला गेला तेव्हा, या गाढवाला काय कळतंय, म्हणत मीच ते पलटवलं. सांगेन त्याला कधीतरी. हात जरा बरा होऊ दे.