फोटोला लागलेला चकवा

हातखंबा तिठ्यापासून जरा पुढे, महामार्गाला लागून असलेल्या पिंपळाच्या पारावर त्या मंगळवारी उभं राहायला जागा नव्हती. गर्दीत नारळ होते, उदबत्त्या होत्या, एकदोन कोंबडेही होते. पण बहुतेकांच्या हातात होता तो मोबाईल. कुणी तो रुमालात गुंडाळून आणला होता, कुणी त्याला हळदकुंकू लावलं होतं. साल २००८. चाकरमान्यांनी मुंबईहून कॅमेऱ्याचे मोबाईल घरी आणून दिले होते, आणि ह्या भागातल्या मोबाईलांना आता भूतबाधा होऊ लागली होती!

पारावर भिकूबुवा बसले होते. अंगात भगवी बंडी, कपाळभर शेंदूर, मांडीवर काळं फडकं.

"फोटो म्हंजे काय?" बुवांनी डोळे वटारून विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "फोटो म्हंजे सावली! ती इथनं सुटते, वाऱ्यावर बसते आणि मुंबईला जाते. पण वाटेत कशेडीचा घाट हाय. घाटात कोण हाय?"

"चकवा!" गर्दी ओरडली.

"रानात माणसाला चकवा लागतो, तो रातभर एकाच जागी फिरतो. तसाच फोटोला चकवा लागतो. फोटो पोचत नाय. सावली घाटातच अडकते. आणि सावली गेलेला माणूस जगतो किती दिवस?"

पारासमोर बसलेल्या वेदिकाने पोटावरचा हात घट्ट दाबून धरला. तिला सातवा महिना होता.

बुवांनी तिचा मोबाईल घेतला, काळ्या फडक्याखाली धरला आणि दोन्ही हात आत घालून पुटपुटायला सुरुवात केली. "ह्रीं क्लीं फट्! घाट मोकळा! टावर मोकळा! सोड, सोड, सोड!" फडकं थरथरलं. मग त्यांनी मोबाईल बाहेर काढला, वेदिकाचा फोटो काढला आणि म्हणाले, "पाठव घोवाला."

तिने फोटो पाठवला. थोड्याच वेळात मुंबईहून तिच्या नवऱ्याचा, अनिलचा फोन आला. "पोचला गो! चेहरा दिसला तुझा!"

पाराभोवती एकच जयजयकार झाला. वेदिकाची सासू हौसाबाई बुवांच्या पायांवर पडून ढसाढसा रडली.

हे सगळं सुरू कसं झालं, ते आधी सांगायला हवं. अनिल मांडवकर मुंबईला एका गोदामात कामाला. गणपतीत घरी आला तेव्हा त्याने बायकोला नवा मोबाईल दिला. स्वतःचा जुनाच ठेवला. "पोरगा असो की पोरगी, पोट वाढताना तरी बघू दे मला," असं म्हणाला होता. वेदिकाने आधी हौस म्हणून गोठ्यातल्या कपिला गाईचा फोटो पाठवला, तो पोचला. घराचा, पडवीचा, हौसाबाईंचा पाठवला, तेही पोचले. दिवाळीनंतर तिने स्वतःचा पाठवला. तो पोचला नाही. दुसरा पाठवला, तोही नाही. अनिलच्या मोबाईलवर नुसताच रिकामा चौकोन उमटायचा आणि खाली इंग्रजीत काहीतरी. हौसाबाईंनी कुणाच्या तरी सांगण्यावरून गाईचा फोटो परत पाठवायला लावला. तो लगेच गेला.

"गाय जाते, म्हातारी जाते, आणि सुनेचाच फोटो जात नाय," वाडीत कुजबूज सुरू झाली.

हौसाबाईंची थोरली लेक पहिल्या बाळंतपणातच गेली होती. त्या दिवसापासून त्या घरात भीती राहायला आली होती, तिला फक्त नाव हवं होतं. नाव भिकूबुवांनी दिलं.

एकदा फोटो पोचला म्हणून बाधा संपली, असं बुवा थोडेच म्हणणार! दर मंगळवारी मोबाईल 'भारून' न्यायचा. फोटो अनिलखेरीज कुणालाही पाठवायचा नाही, नाहीतर बाधा त्याच्यावर उलटेल. आणि मुख्य अट वेगळीच होती.

"इस्पितळात जायचा नाय," बुवा म्हणाले. "तिथे यंत्र लावून पोटातल्या पोराचा फोटो काढतात. जन्माला आला नाय त्याची सावली ओढून घेतात. मग मी पण काय करणार?"

वेदिका नववीपर्यंत शाळेत पहिल्या पाचांत यायची. दहावीनंतर लग्न झालं, तरी तिला सोनोग्राफी म्हणजे काय ते माहीत होतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी 'दर आठवड्याला रक्तदाब तपासून घे' म्हणून बजावलं होतं, तेही तिच्या लक्षात होतं. पण भीती ही अशी गोष्ट आहे की ती माहितीच्या डोक्यावर बसते. रोज सकाळी ऊन घरापुढच्या खळ्यात आलं, की ती हळूच बाहेर येऊन बघायची, आपली सावली पडते की नाही. पडायची. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बघायची.

आठवा महिना सरत आला तसे तिचे पाय सुजले. मग हात सुजले, बांगड्या रुतायला लागल्या. एका मंगळवारी सकाळी तिने धीर करून सासूला म्हटलं, "आई, डोकं फार दुखतंय. एकदा रत्नागिरीला जाऊन येऊ या का?"

मोबाईल भारायला नेला तेव्हा हौसाबाईंनी ते बुवांच्या कानावर घातलं. बुवांनी फडक्याखाली नेहमीपेक्षा जास्त वेळ हात चालवले आणि मोबाईल परत दिला. घरी येऊन वेदिकाचा फोटो पाठवला, तर अनिलकडे पुन्हा रिकामा चौकोन!

"बघितलास?" हौसाबाई म्हणाल्या. "नुसता इस्पितळाचा नाव काढलास तर चकव्याने धरलान!"

वेदिका पडवीत बसली. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, समोरचं आंब्याचं झाड एकाचं दोन दिसत होतं. आपली सावली सुटत चालली, ह्याचीच ही खूण, असं तिला वाटलं. आणि तशा भीतीतही तिने एक शहाणपणा केला. सासू बुवांना बोलवायला माणूस पाठवत होती, तेवढ्यात तिने आपल्या जुन्या बाईंना मिसकॉल दिला.

वैदेही आपटे तिठ्याजवळच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायच्या. त्यांनी उलट फोन केला. वेदिका एवढंच म्हणाली, "बाई, माझी सावली जातेय. डोळ्यांना दिसत नाहीय नीट."

सावलीचं बाईंना कळलं नाही. पण डोळ्यांचं कळलं. त्यांनी शाळेतून रजा घेतली, रिक्षावाल्या बाबल्याला मागून यायला सांगितलं आणि स्वतः मिळेल त्या दुचाकीवरून वाडीत पोचल्या.

खळ्यात निम्मी वाडी जमली होती. भिकूबुवा वेदिकासमोर धूप घालत बसले होते. बाईंनी तिची सुजलेली बोटं पाहिली, डोळ्यांचं विचारलं आणि सरळ म्हणाल्या, "हौसाबाई, हिचा रक्तदाब वाढलाय असं दिसतंय. ह्यात फिट येऊ शकते. आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका आहे. रिक्षा येतेय, आत्ता निघायचं."

हौसाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "पोर माझी मेलेली तुमी बघितलीव नाय, बाई. मी बघितलंय! फोटो जात नाय हिचा. ही उंबऱ्याबाहेर पडली तर परत येणार नाय."

"विज्ञानाच्या बाई हायत त्या," बुवा हसले. "सांगा ना विज्ञान! गाईचा फोटो जातो आणि हिचा का जात नाय?"

बाईंना ह्याचं उत्तर त्या क्षणी खरोखरच माहीत नव्हतं. पण बाबल्याची रिक्षा यायला वेळ होता आणि हौसाबाई दारातून हलणार नव्हत्या. "सांगते," त्या म्हणाल्या. "आधी हिचा तोच फोटो माझ्या मोबाईलवर पाठवा."

"नको!" चारपाच बायका एकदम ओरडल्या. "उलटेल तुमच्यावर!"

"उलटू दे."

वेदिकाने फोटो पाठवला. बाईंचा मोबाईल वाजला. त्यांनी पडदा सगळ्यांपुढे धरला. वेदिकाचा चेहरा, कपाळावरच्या टिकलीसकट, स्वच्छ दिसत होता.

"आलीस की तू माझ्याकडे!" बाई म्हणाल्या. "म्हणजे फोटो इथून निघतो. अडतो तो अनिलच्या मोबाईलवर. आता गाईचा पाठवा. पण जुना नव्हे, आत्ता नवा काढा."

हे कुणाला सुचलंच नव्हतं. इतके दिवस सगळे तोच गणपतीतला गाईचा फोटो पुन्हापुन्हा पाठवत होते. कुणीतरी गोठ्यात जाऊन कपिलाचा नवा फोटो काढला, पाठवला आणि बाईंनी अनिलला फोन लावून आवाज मोठा केला.

"काय आलं रे?"

"रिकामा चौकोन," अनिल म्हणाला. "बाई, वेदिका बरी आहे ना?"

"गाईलाही चकवा लागला म्हणायचा," बाई म्हणाल्या. "आता ह्यांचा." आणि बुवा सावध व्हायच्या आत त्यांनी वेदिकाच्या मोबाईलवर भिकूबुवांचाच फोटो काढून पाठवला. तोही अनिलकडे पोचला नाही. गर्दीत मागे कुणीतरी खुसकन हसलं, आणि लगेच गप्प झालं. लोक बुवांच्या पायांशी त्यांची सावली पडतेय का ते बघत होते!

"बुवा, आता हा मोबाईल मोकळा करा," बाई म्हणाल्या. "मंत्र हवे तेवढे म्हणा. फक्त मोबाईल माझ्या हातात राहील आणि फडकं तुमच्या खांद्यावर."

"तसा होत नाय. वस्तू हातात लागते."

"घाटातला चकवा इथून दिसतो तुम्हाला, आणि हातभरावरच्या मोबाईलला मंत्र लागू पडत नाही?"

बुवांनी मंत्र म्हटले. घाम येईपर्यंत म्हटले. फोटो गेला नाही.

तोवर बाईंची बोटं मोबाईलमधून फिरत होती. जुना गाईचा फोटो आणि नवा गाईचा फोटो, गाय तीच, गोठा तोच; पण दोघांच्या आकाराच्या आकड्यांत कितीतरी पटींचा फरक होता. त्या थांबल्या. "वेदिका, दिवाळीत हा मोबाईल कुणी हाताळला होता?"

"लोटे गावचे भावजी आले होते," वेदिका कपाळ दाबत म्हणाली. "फोटो मोठा ठेवला की छापून चांगला येतो म्हणाले. काहीतरी केलं होतं त्यांनी."

"संपलं!" बाई म्हणाल्या. "ऐका सगळे. ह्या कॅमेऱ्यात फोटोचा आकार ठरवायची सोय आहे. मोठा, मध्यम, लहान. अनिलचा मोबाईल जुना आहे. त्याच्यात लहान फोटो मावतो, मोठा मावत नाही. एसटीच्या खिडकीतून पिशवी आत जाते, कपाट जात नाही, तसं. माझा मोबाईल नवा, त्याच्यात मोठाही मावला. गणपतीतले फोटो लहान होते, म्हणून गेले. दिवाळीनंतर फोटो मोठे निघायला लागले, आणि दिवाळीनंतर तुम्ही फक्त वेदिकाचेच काढलेत. चकवा तिला नव्हता लागला. तुमच्या तुलनेला लागला होता."

त्यांनी सर्वांसमोर आकार लहान केला, वेदिकाचा नवा फोटो काढला आणि पाठवला. मंत्र नाही, धूप नाही. अनिलचा आवाज खळ्यात घुमला, "आला! आला!" आणि मग बदललेल्या सुरात, "तिचा चेहरा असा का सुजलाय? आई, काय केलंस तिचं?"

हौसाबाईंनी हळूहळू मान वळवली. "म्हंजे सकाळी फडक्याखाली…"

"त्या मंगळवारी लहान केला होता, आज पुन्हा मोठा केला," बाई म्हणाल्या. "इस्पितळाचं नाव निघालं म्हणून."

भिकूबुवा चपला शोधत होते. त्यांना कुणी अडवलं नाही, कारण तेवढ्यात बाबल्याची रिक्षा आली आणि वेदिकाने उठताना भिंत धरली. हौसाबाई दारातून बाजूला झाल्या. बाजूला होऊन थांबल्या नाहीत. सुनेला काखेत धरून त्यांनीच तिला रिक्षात बसवलं. रत्नागिरीपर्यंत वेदिकाचं डोकं मांडीवर होतं, आणि दर वळणाला त्या तिच्या नाकापुढे हात धरून श्वास लागतो का बघत होत्या.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला आणि म्हणाल्या, "अजून थोडा उशीर केला असतात, तर फिट आली असती." औषधं सुरू झाली. संध्याकाळच्या आत शस्त्रक्रिया करून मुलगी काढावी लागली. चिमणीएवढी होती. बरेच दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. वेदिकाचा रक्तदाबही लवकर उतरेना. त्या सगळ्या दिवसांत तिथे खरी भीती होती, आणि तिच्यावर खरे उपाय चालू होते. दोघी वाचल्या.

भिकूबुवांचं पुढे कळलं ते असं, की गावी येण्याआधी ते मुंबईत मोबाईलच्या दुकानात दुरुस्ती करायचे. लोकांचे फोटो कशाने अडतात, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेच ज्ञान त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं असतं, तर लोकांनी आभार मानले असते. पण आभारात पायांवर कुणी पडत नाही.

पार रिकामा झाला, तरी माणसं यायची थांबली नव्हती. आतल्या गावांतून, मोबाईल रुमालात गुंडाळून, भेदरलेल्या चेहऱ्याने. एका मंगळवारी हौसाबाई स्वतः तिथे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना मोबाईल चालवता येत नव्हता. त्या फक्त येणाऱ्याला अडवून सांगायच्या, "बुवा पळाला. मोबाईल दुकानात दाखवा नायतर शाळेतल्या बाईंना. आणि घरात कोण आजारी असेल तर आधी त्याला डाक्टराकडे न्या. मी सुनेला मारीतच होते. भ्यायले होते ना!"

एका म्हाताऱ्याने विचारलं, "भीती वाटली तर माणसाने काय करायचा, मग?"

"भ्यावा," हौसाबाई म्हणाल्या. "पण भीतीने इचारायचा थांबवू नये."

वाचकहो, ह्याहून वेगळं सांगण्यासारखं माझ्याकडेही काही नाही. अनाकलनीय गोष्ट घडली, की भीती वाटणारच. त्यात लाज नाही. पण जो माणूस तुम्हाला दुसरीकडे विचारू नका, दुसऱ्याला दाखवू नका, डॉक्टरकडे जाऊ नका असं सांगतो, त्याच्याकडे नीट बघा. खऱ्या गोष्टीला चार ठिकाणी पडताळून बघण्याची भीती नसते. ती भीती खोट्यालाच असते.