खडखडीत

तुकडा नखाएवढा होता, आतून गुळगुळीत, बाहेरून खरबरीत, आणि बाहेरच्या अंगावर आंगठ्याचा ठसा भाजून पक्का झाला होता... आपलाच आंगठा, हे त्याला लगेच कळलं, कारण जन्मभर नकाशे काढताना पडलेली खोच त्यात दिसत होती. भट्टीच्या उघड्या तोंडातून अजून ऊब येत होती आणि तिघंजणं आत डोकावून उभी होती, विहिरीत कोणाची तरी चप्पल पडल्यासारखी. त्याचा वाडगा होता तिथे आता काहीच नव्हतं. शेजारच्या किटलीची तोटीही गेली होती आणि पोटाला भोक पडलं होतं.

किटली दातांच्या डॉक्टरीणबाईंची. नववी. आधीच्या आठ गळक्या, आणि हिची तोटी म्हणे अशी जमली होती की चहा ओतायच्या आधीच कप पुढे सरकला असता.

"वाडगा गेला तो गेला, शेजारीण घेऊन गेला," कान म्हणाला. हा बसकंडक्टर, कपांना कान फार सुबक लावतो, म्हणून सगळे त्याला कानच म्हणतात.

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांचं बोट मात्र तुटलेल्या तोटीवरून फिरत राहिलं, दुखरी दाढ चाचपावी तसं. "चला, आता दहावी," त्या म्हणाल्या.

आपल्याला वाईट वाटायला हवं, असं त्याच्या मनात आलं. त्याने आत बघितलं... नाही. दादा गेला तेव्हाही नाही. तेव्हा त्याने नातेवाइकांना फोन केले, खुर्च्या मागवल्या, दाखल्यावर सही केली, आणि आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "याचं काळीज निबर आहे." निबर असतं तर निदान हाताला लागलं असतं. पाय बधिर झाला तर मुंग्या तरी येतात. त्याला वर्षभरात एक मुंगी आली नव्हती. मग कधीतरी त्याने कुंभाराचं चाक आणलं आणि न्हाणीघरात, कपडे धुवायच्या यंत्राशेजारी मांडलं, कारण माती हाताला गार लागायची, आणि काहीतरी लागत होतं हेच पुष्कळ. "भाऊजी, मोरी तुंबली तर त्या चाकावर बसून आंघोळ करा," वहिनी म्हणाली होती. पण पहिला वाडगा तिनेच खिडकीत वाळत ठेवला. इतका जड, की चोराने नेला असता तर धापा टाकत कोपऱ्यावरून परत आणून दिला असता.

"गालाला लावून बघितला ना?" शनिवारी भट्टीवालीने विचारलं होतं. ही शाळेत चित्रकला शिकवायची. आता महिन्यातून एकदा मोटारीच्या खोलीत भट्टी लावते आणि घरोघरी घडलेली कच्ची भांडी तिच्याकडे येतात. कच्चं भांडं गालाला गार लागलं तर आत पाणी आहे. पाण्याची भट्टीत वाफ होते आणि भांडं फुटतं, एकटं फुटत नाही. त्याने घरी तीनदा लावून बघितला होता. तिन्ही वेळा गार.

"खडखडीत," तो म्हणाला होता.

का? महिनाभर थांबता आलं असतं. पण त्याच वेळी कानाने आपले कप सरकवून फळीवर वीतभर जागा केली होती, म्हणाला होता, "या काका, ही तुमची." वीतभर... आणि मी ती सोडून वाडगा परत घरी न्यायचा?

"चूक माझी," भट्टीवाली आता म्हणत होती. चष्मा पुसत, कोणाकडे न बघता. "हळू तापवायला हवी होती. आकडे दिसत नाहीत मला हल्ली नीट. पुढच्या वेळेपासून दुसरं कोणीतरी बघा भट्टीचं."

"काहीतरीच काय, बाई," कान म्हणाला, पण पुटपुटत.

तिने त्याच्या हातात कुंचा दिला. "तुम्ही लावून घेऊ नका हं मनाला. इथे ज्याचं फुटतं तो झाडतो, मग ते तुकडे कुटून सगळ्यांच्या मातीत घालतो आम्ही. झाडलंत की आमचे झालात."

तो वाकला. झाडायला लागला. किती सोपं होतं... दोन हात मारले की आमचे झालात, आणि ती उद्यापासून घरात बसून आपल्या डोळ्यांना दोष देणार, भट्टीवर कापड टाकणार.

कुंचा थांबला.

"गार होता," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

कान, ज्याचं तोंड तिकिटांच्या पेटीसारखं सतत खटखटतं, फरशीकडे बघत राहिला. भट्टीवालीने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे नीट बघितलं, बराच वेळ, जणू तो आत्ताच दारातून आला होता.

आणि मानेपासून काहीतरी चढत गेलं, कानांच्या पाळ्यांपर्यंत, कढत... लाज. त्याने ओळखलं तिला. इतक्या दिवसांनी कोणीतरी आत पाऊल टाकलं होतं, आणि तिच्या मागे उंबऱ्यावर आणखी कोण कोण उभं आहे, हे बघायची त्याला भीती वाटत होती... भीतीसुद्धा.