देव्हाऱ्यातला कच्छचा शंख

मित्रांनो, मी एक जुना शंख आहे. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंचं वय आजोबांना विचारता येतं, माझं मात्र दगडांनाच विचारावं लागतं. आज जिथे कच्छ आहे तिथे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाच्या चिखलात मी राहत होतो. माझ्या आतला मऊ जीव गेला, वर गाळ साचत गेला आणि समुद्र मागे सरला. मी जेमतेम सुपारीएवढा. फुंकण्याच्या कामाचा नाही.

१९९८च्या हिवाळ्यात नाशिकच्या एका कॉलेजची भूशास्त्राची सहल कच्छला आली. ओढ्याच्या कापलेल्या काठात माझं टोक साधना नावाच्या मुलीला दिसलं. तिने हातोडा बाजूला ठेवला आणि सुईने, फुंकर मारत मारत, मला मोकळं केलं. खिशात टाकण्याआधी तिने चिठ्ठीवर गाव, ओढा आणि थर लिहिला. तिचे यादव सर नेहमी म्हणत, "कुठे मिळाला ते हरवलं, की शंखाचा नुसता खडा होतो."

नाशिकला आल्यावर तिने माझ्या शेजारी माझे आजचे चुलतभाऊ मांडले. रत्नागिरीच्या कोळणींकडून आणलेले ते शंख अजून समुद्रात राहणाऱ्या जातींचे होते. भिंगातून ती महिनोन् महिने आम्हाला पाहत राहिली. त्यांच्या अंगावर दोन जाड कंगोऱ्यांच्या मध्ये दोन बारीक रेषा होत्या. माझ्या अंगावर तीन होत्या, आणि मधल्या रेषेवर खसखशीच्या दाण्यांसारखे मणी. तिने पुस्तकं धुंडाळली, पत्रं लिहिली. असा शंख आजवर कोणी नोंदवलेला नव्हता.

"नाव काय ठेवणार?" सरांनी विचारलं.

"नवसाबाईंवरून."

"या कोण? संशोधक?"

"माझी आई. एकलहऱ्याजवळ आमचा झेंडूचा मळा आहे, सर. कच्छची सहल तिच्याच झेंडूंवर झाली."

सर हसले. "मग घरी पेढे वाटले असतील!"

"नाही सांगितलं अजून. छापून आलं की तिच्या हातातच देणार आहे."

मित्रांनो, नव्या जातीला नाव द्यायचं तर एक नमुना साक्षीदार म्हणून कायमचा जपावा लागतो. तो साक्षीदार मी होणार होतो. माझ्यासारखा दुसरा तिला मिळालाच नव्हता. दिवाळीनंतर एक तज्ज्ञ मला पाहायला येणार होते.

तोवर मला ठेवायचं कुठे? घर दोन खोल्यांचं. धाकटा भाऊ शेखर तर पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, याने गोट्या खेळू का?" म्हणून साधनाने मला कापसात गुंडाळून, चिठ्ठीसकट, देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं. तिथे कोणीच हात लावत नसे. वर्षातून एकदा मात्र तो खण रिकामा होतो, हे तिच्या ध्यानात राहिलं नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी साधना पुण्याला ग्रंथालयात गेली होती. नवसाबाईंनी समया, निरांजनं, घंटा असं सगळं पितळ काढलं आणि चिंचेच्या पाण्यात भिजत घातलं. मग मी त्यांच्या हाती लागलो.

"अगं बया! देवाजवळ ठेवती अन् पुसत बी नाय पोरगी. किती मळलंय हे!"

मीही पाण्यात गेलो. माझ्या अंगावर बारीक बुडबुडे आले. शंख चुन्याचा असतो आणि आंबट पाणी चुना खातं. त्यांना ते कसं ठाऊक असणार? संध्याकाळी त्यांनी मला राखेने घासलं. त्यांच्या हाताला झेंडूचा वास होता, आणि त्यांचा अंगठा लेकराचं तोंड पुसावं तसा हळुवार फिरत होता. तीनही रेषा त्या अंगठ्याखाली गेल्या. मणीही गेले.

साधना परतली तेव्हा त्यांनी मला तळहातावर धरून पुढे केलं. "बघ कसा लख्ख निघालाय! तुजे सर आले तर लाज नको वाटाया."

साधनाने मला घेतलं. तिने भिंग काढलं नाही, नखानेच मला चाचपलं.

"काय गं साधे, आवडला नाय का?"

"आवडला ना, आई. फार छान झालाय."

सुट्टीनंतर सरांनी मला भिंगाखाली धरलं आणि चारही बाजूंनी फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "फोटो आहेत ना?"

"आहेत. पण साक्षीदाराच्या अंगावरच खूण नसेल तर फोटोवर कोण विश्वास ठेवेल, सर? तुम्हीच शिकवलंत."

तज्ज्ञांना नका येऊ म्हणून कळवलं. पुढच्या हिवाळ्यात ती मला खिशात घेऊन पुन्हा कच्छला गेली. तो ओढ्याचा काठ यंत्रांनी खणून नेला होता. ती खड्ड्याच्या कडेला बसली आणि मला मुठीत धरून राहिली. माझे सगळे सोबती ट्रकमधून गेले होते.

त्यानंतर साधना एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. मी देव्हाऱ्यातच राहिलो, कारण नवसाबाईंना मी आवडलो होतो. दर दिवाळीला त्या मला चिंचेच्या पाण्यात घालतात. दर दिवाळीला मी थोडा झिजतो. साधना दाराशी उभी राहून पाहते.

तिने एकट्या शेखरला सगळं सांगितलं होतं. एकदा तो चिडून कुजबुजला, "ताई, सांगून टाक ना तिला एकदाचं."

"काय सांगू? तुझं नाव तूच पुसलंस म्हणून?"

परवा माझ्या पाठीला भोक पडलं. नवसाबाईंची नजर आता अधू झाली आहे, पण अंगठ्याला ते लागलं. "म्हातारा झाला गं ह्यो," त्या म्हणाल्या, "माज्यासारखाच." मग माझ्यावर त्यांनी हळदीकुंकवाचं बोट लावलं.

मित्रांनो, जुनी वस्तू उजळायला घेण्याआधी ती कोणाची, कुठली, कशासाठी जपलेली, एवढं विचारा. तिचा मळ वाटतो तोच कधी तिचा चेहरा असतो. आणि तुम्ही कोणासाठी एखादा आनंद जपून ठेवला असेल, तर छापून येण्याची वाट पाहू नका. आजच सांगा.

खणाच्या तळाशी साधनाची चिठ्ठी अजून आहे. गाव, ओढा, थर, सगळं तिच्या सुबक अक्षरात लिहिलेलं. शेवटी नावासाठी तिने एक ओळ सोडली होती. ती कोरी आहे. नवसाबाई खण पुसताना ती चिठ्ठी नीट उचलतात आणि पुन्हा तिथेच ठेवतात. त्यांना वाचता येत नाही. पण लेकीच्या हातचा कागद आहे, म्हणून त्यांनी तो कधी टाकला नाही.